सावकाराचे सोंग आणि डोमाजी

भाद्रपद उतरणीला लागला होता. चांद्याच्या शाळेत तिसरा तास संपवून मी वर्गाबाहेर आलो, तो आमच्या जुन्या गावचा जयराम सुतार व्हरांड्याच्या खांबाशी उभा दिसला. पायांत चिखल होता. एवढ्या लांबून हा माणूस कशाला आला असेल, असे मनात येते न येते तोच तो म्हणाला, "मास्तर, सावकार गेले जी." आणि असे म्हणताना त्याच्या ओठांच्या कडा किंचित वर गेल्या. ते त्याच्याही ध्यानात आले. त्याने घाईने उपरणे तोंडाशी नेले आणि मान खाली घातली. मला त्याचा राग आला नाही. कारण त्या एका क्षणात माझ्याही कानांत मंडईतल्या लोकांचे हसू वाजून गेले होते... मग लाज वाटली.

गेलेले गृहस्थ सावकार नव्हते. त्यांचे नाव डोमाजी. मूल गावापासून चार कोसांवर त्यांच्या धानाच्या चार बांद्या, म्हणजे बांध घातलेली शेते होती, आणि एक बैलजोडी होती. जन्मात त्यांनी कुणाला व्याजाने काही दिले नाही, आणि नुसते दिलेले कधी परत मागितले नाही. पण दरसाल दिवाळीनंतरच्या मंडईत, म्हणजे गावच्या जत्रेत, ते कंजूष सावकाराचे सोंग घेत, आणि ते इतकी वर्षे घेत राहिले की लोकांच्या तोंडातून त्यांचे नावच गळून गेले. त्या सोंगाची वाक्ये मी लिहिली होती. म्हणून हा लेख लिहिताना माझा हात जड होतो आहे.

मी त्या गावी शाळामास्तर म्हणून गेलो तेव्हा माझ्याजवळ पुस्तकांची एक पत्र्याची पेटी होती आणि बोलण्यासारखे फारसे काही नव्हते. झाडीपट्टीत भाऊबीजेनंतर एकेका गावाचा मंडईचा दिवस ठरलेला असतो. त्या दिवशी घराघरात पाहुणे उतरतात, गावाबाहेर दुकाने लागतात आणि दुपारी दोन बांबूंना पडदा बांधून दंडार होते. गाणी, नाच, आणि मधूनमधून एखादी नक्कल. दंडारवाल्यांना नवी नक्कल हवी होती. माझ्या पेटीत मुखपृष्ठ गळालेले गोष्टींचे एक जुने पुस्तक होते, त्यात एक कंजूष होता. तो कोणत्या पुस्तकात नसतो? दिवा विझवून अंधारात जेवणारा, दारावरची थाप ऐकून श्वास रोखून धरणारा, सणाच्या दिवशी आजारी पडणारा. मी त्याला सावकाराचे पागोटे घातले आणि आमच्या झाडीत आणून सोडले.

डोमाजी तोवर दंडारीत मागे उभे राहून टाळ वाजवत. उंच, हाडकुळे, लांब मानेचे. बोलणे अगदी कमी. मंडळाचे प्रमुख वामन पाटील यांनी त्यांच्याकडे बोट दाखवले तेव्हा ते दोन पावले मागेच सरले.

"मले नाई जमत जी, मास्तर. मी टाळ वाजवतो, थेच बरं हाये."

"अरे, तुले काई करा लागत नाई," वामन पाटील म्हणाले. "नुसता उभा राह्य. तुले पाह्यलं का लोकाले वाटन, यानं चार वर्सांपासून सोताच्याच घरी जेवन केलं नाई."

तालीम खळ्यावर चालली होती. प्रसंग साधा होता. उन्हातून पाहुणा येतो, पाणी मागतो, सावकार नाइलाजाने पाण्याचा गडू पुढे करतो. पुढचे वाक्य डोमाजी विसरले. भीतीने त्यांची बोटे गडूवर तशीच आवळलेली राहिली. पाहुणा झालेला गडी गडू ओढू लागला, हे सोडीनात. त्याने आणखी ओढला, हे गडूबरोबर पुढे गेले. बघणारे जमिनीवर लोळायचे बाकी राहिले. मी लगेच त्या हाताला वाक्य जोडले: "पी भाऊ, पी. पन ओठ नोको लावू. पानी झिजते." हे वाक्य मला फार छान सुचले असे वाटले होते. त्या दिवशी मी किती खूश होतो, ते आज आठवत बसवत नाही.

त्या वर्षीच्या मंडईत बायका पदर तोंडात कोंबून हसल्या. म्हातारी माणसे खोकत राहिली. आठ दिवसांत शेजारच्या गावांची बोलावणी आली. पुढच्या वर्षी कुरखेड्याकडून, त्याच्या पुढच्या वर्षी पार धानोऱ्याच्या जंगलातून. कापणीच्या ऐन दिवसांत डोमाजी पागोट्याची वळकटी काखेत मारून गावोगाव हिंडू लागले. आणि हळूहळू, मंडई नसतानाही लोक त्यांना मंडईतच पाहू लागले. कुठेही पाणी मागितले की देणारा गडू हातात घट्ट धरून ठेवी आणि म्हणे, "सावकार, झिजन ना जी!" लग्नाच्या पंगतीत त्यांच्यापुढे आधी रिकामी पत्रावळ ठेवीत, सगळे हसून झाले की मग वाढीत. ते हसत. दर वेळी हसत. मी जवळ असलो तर माझ्याकडे एकदा बघून घेत, जणू मी सुटीची घंटा वाजवणार आहे.

एका पावसाळ्यात जयराम सुताराचे पऱ्हे, म्हणजे धानाची रोपे, सडून गेली. डोमाजींनी आपल्या वाफ्यातली निम्मी त्याला उपटून नेऊ दिली आणि स्वतःची एक बांदी रिकामी ठेवली. पारावर ही गोष्ट मी ऐकली ती अशी: "सावकारानं पऱ्हे देल्ले गा! आता आभाळ फाटते का जमीन, थेच पाहा!" हे सांगणारा खुद्द जयराम होता. तो कृतघ्न नव्हता. उपकार सांगायला त्याच्याजवळ दुसरी भाषाच उरली नव्हती. डोमाजी दुसऱ्याला काही देत, तेव्हाही सावकारच देत असे.

पुस्तकातला कंजूष शेवटी सुधारतो किंवा मरतो, कारण पुस्तकाला शेवटचे पान असते. मंडईला पुढचे वर्ष असते. हे मला कळायला शेवंतीच्या सोयरिकीची वेळ यावी लागली.

शेवंती डोमाजींची एकुलती एक मुलगी. आमच्याकडे सोयरिकी मंडईतच निघतात. सगे गावात आलेले असतात, दंडार पाहून होते, मग मधला माणूस त्यांना उपवर मुलीच्या घरी घेऊन जातो. त्या वर्षी कुरखेड्याकडचे पाहुणे येणार होते. सकाळीच डोमाजी शाळेत आले.

"मास्तर, आज त्याले राहू द्या जी. आज गानेच होऊ द्या."

"पाच गावचे लोक त्याच्यासाठी आलेत, डोमाभाऊ," मी म्हणालो. "पाहुण्यांना काय, सोंग आहे हे कळतं. हसतील आणि विसरतील."

ते आले तसे गेले. दुपारी त्यांनी सोंग घेतले, आणि पहिल्या रांगेत बसलेले कुरखेड्याचे म्हातारे पाहुणे डोळे पुसून पुसून हसले. ते हसू पुसण्यासाठी डोमाजींनी त्यानंतर जे केले, ते आमच्याकडे कुणी करत नाही. मुलगी पाहायला आलेल्यांना पहिल्या खेपेला पाणी आणि चहा एवढेच द्यायचे. जेवण सोयरीक पक्की झाल्यावर. त्यांच्या पत्नी भागरथाबाईंनी दोनदा बजावले, पण त्यांनी ऐकले नाही. बोकड कापला. वडे तळायला लावले. पाहुण्यांच्या अंगावर नवी धोतरे घातली. निघताना तुपाचे मडके त्यांच्या बैलबंडीत ठेवले. मी ओसरीवर बसून पाहत होतो. तोंडावरचा रंग कानामागे तसाच राहिला होता आणि ते वाढत होते, वाढत होते. म्हातारे पाहुणे जेवता जेवता थांबून एकदाच म्हणाले, "येवढं काऊन जी?"

आठवड्याने मधला माणूस निरोप घेऊन आला. म्हाताऱ्यांचे म्हणणे होते, "सोंग तं सोंग हाये, थे आमाले समजते. पन सोंगाले भिऊन मानूस एवढं देते काऊन? पोरीत काई तरी झाकून राह्यला थो." बस. एवढ्यावर सोयरीक मोडली. आणि ही गोष्ट बोकडाच्या रश्श्यासारखी चवीने गावोगाव गेली. पुढच्या दोन ठिकाणांनी घर पाहिलेच नाही. हात आखडता घ्यावा तर सावकार, मोकळा सोडावा तर पोरीत खोट. डोमाजींना कुठून बाहेर पडावे ते कळेना. मलाही कळेना.

उन्हाळ्यात ते पुन्हा शाळेत आले. वर्ग सुटला होता. बाकावर बसले नाहीत, जमिनीवर बसले.

"तुमी लिवला तो मानूस. तुमीच मारा त्याले."

मी त्याला मारले नाही. पुस्तकात असते तसे सुधारायचे ठरवले. नवा शेवट लिहिला: सावकाराचे मन पालटते, तो गडू मोकळ्या हाताने पाहुण्याला देतो, मग दुसरा भरून आणतो, मग रांजणच दाराशी आणून ठेवतो. डोमाजींनी सगळा शेवट पाठ केला. इतके मन लावून त्यांनी कधी पाठ केले नव्हते. त्या वर्षी मूलकडचे एक घर मंडईला येणार होते, त्यामुळे हा शेवट त्यांना हवाच होता.

मी पडद्याआड उभा होतो. सुरुवातीला नेहमीसारखे हसू आले. मग सावकाराने गडू पुढे केला आणि बोटे सोडली. पाहुणा प्याला. कुणी हसले नाही. दुसरा गडू आला. शांतता होती... मला वाटले, लोकांच्या काळजाला हात घातला आपण. तेवढ्यात मागून कुणी तरी ओरडले, "काऊन जी सावकार, बिमार हाये का?" दुसरा म्हणाला, "आमचा सावकार कुठी गेला? याले घरी पाठवा!" बायका उठून मुलांना गोळा करू लागल्या. डोमाजी मध्यभागी उभे होते, हातात भरलेला गडू, आणि तो घ्यायचा कुणी, हे पाहुणा झालेला गडीही विसरला होता. त्यांनी पडद्याकडे पाहिले. मी वाक्य सांगायला हवे होते. मला सुचले नाही. मग मी पाहिले, त्यांची बोटे हळूहळू गडूवर वळली, आवळली गेली, आणि त्यांनी गडू स्वतःच्या छातीशी ओढून घेतला.

"पानी झिजते!"

सगळी मंडई फुटली. लोक उभे राहून ओरडत होते. डोमाजी मान हलवत होते, डोळे वटारत होते, आणि प्रत्येक टाळीला एकेक पाऊल मागे येत पडद्यापर्यंत पोहोचले. आत आल्यावर त्यांनी पागोटे काढून माझ्या हातात दिले. मूलचे पाहुणे दुसऱ्या रांगेत बसले होते.

त्यानंतर घडले ते मी त्यांच्या ओसरीवर बसून पाहिले. पाहुणे आले. बैठक झाली. भागरथाबाईंनी या वेळी चहाचे आधणही सावधपणे ठेवले. पाणी घेऊन शेवंती बाहेर आली. नाकीडोळी बापासारखी, उंच. वराच्या वडिलांपुढे तिने गडू धरला. त्यांनी हात लावला. तिने सोडला नाही. त्यांनी जरा ओढला. तिने मान खाली घालून, पण सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हटले, "ओठ नोको लावजा मामाजी, पानी झिजते."

मधल्या माणसाने कपाळाला हात लावला. डोमाजींनी डोळे मिटून घेतले. म्हातारे तसेच गडू धरून तिच्याकडे बघत राहिले, आणि मग त्यांना हसू आवरेना. हसता हसता ते म्हणाले, "घ्या! अन् लोक म्हनतात पोरीत खोट हाये. ज्या पोट्टीले बापाच्या सोंगाची लाज नाई वाटत, थे माह्या घराची लाज ठेवन. पक्की समजा, सोयरे." शेवंती आत पळाली. डोमाजी डोळे उघडून बसले होते. त्यांच्या चेहऱ्यावर आनंद होता, आणि आणखी काही तरी होते, ज्याला त्या वेळी मी समाधान म्हणालो.

लग्नात मुलाकडच्या मंडळींनी हट्टच धरला. मांडवात, बाशिंग बांधलेल्या मुलीजावयासमोर, वधूपित्याने सावकार करून दाखवला. परतताना मी त्यांना म्हणालो, "आता शेवंती मार्गी लागली. आता सोडून द्या. मी वामन पाटलांना सांगतो." ते म्हणाले, "कसा सोडू जी आता? पोरगी त्याच्याच नावावर देली. उद्या सोयरे इचारतीन, सावकार कुठी गेला म्हनून."

पुढे राज्याची वाटणी झाली, आमचा जिल्हा मुंबई राज्यात गेला, आणि माझी बदली चांद्याला झाली. डोमाजींची मंडई चालूच होती. गेल्या श्रावणात त्यांना छातीचे दुखणे लागल्याचे कळले म्हणून मी भेटायला गेलो. खाटेवर होते. ओसरीवर भेटायला आलेले चारपाच जण बसले होते, आणि त्यांच्यातला एक जण म्हणत होता, "एक डाव होऊ द्या जी सावकार, बरं वाटन तुमाले." त्यांनी उशाचा गडू घेतला, छातीशी धरला, आणि सगळे हसले. प्रेमाने हसले, हे मी शपथेवर सांगेन. लोक गेल्यावर त्यांनी भिंतीकडे तोंड वळवले. मग म्हणाले, "मास्तर, एवढे लोक येतेत. सगडे त्यालेच भेटून जातेत." मी त्यांचे पाय दाबत बसलो. त्यांनी बसू दिले. ती आमची शेवटची भेट.

तेरवीला गेलो तेव्हा शेवंती सासरहून आलेली होती. माणसे पांगल्यावर ती माझ्याजवळ येऊन बसली. मी पेपरात अधूनमधून लिहितो हे तिला ठाऊक होते. म्हणाली, "गुरुजी, बाबाचं लिवान तं बाबाचंच लिवजा. त्या मान्साचं नोको. थो लय झाला."

मी होय म्हणालो. तिला विचारले, "काय लिहू? तूच सांग." ती विचार करू लागली. एक गोष्ट सुरू केली, ती मंडईच्या वाटेवर गेली. दुसरी सुरू केली, तिच्यात लग्नाची पंगत आली. ती थांबली. मीही आठवून पाहिले. इतक्या वर्षांतली माझी एकही आठवण अशी नव्हती की जिच्यात दाराआड तो उभा नव्हता. तिने त्याच्याच जोरावर आपले लग्न जमवले होते आणि मी तर त्याला जन्मालाच घातले होते. शेवंती रडत नव्हती. ती घाबरली होती.

आतून भागरथाबाई बाहेर आल्या. त्यांनी आमचे बोलणे ऐकले असावे. उंबऱ्याशी बसल्या आणि जमिनीकडे बघत म्हणाल्या, "थे मले नावानं हाक मारत."

आमच्या झाडीत नवरा बायकोचे नाव घेत नाही. शेवंतीची माय, नाही तर नुसतेच, आयकलं का वं.

"रोज जी. बांदीतून येताना त्या शेवटच्या पारीच्या बांधावर थांबत अन् हाक मारत. भागरथा... असं लांबवून. मंग मी भात टाको. घरी येऊन पाय धुवेपर्यंत भात होये." त्यांनी पदर सारखा केला. "लोक हासत, म्हनून मी कोनाले सांगतलं नाई."

"आन् मंडईत?" शेवंतीने विचारले. "मंडईत बाबा सावकार होये तवा तुले कसं वाटे वं माय?"

"मले काय मालूम?" भागरथाबाई म्हणाल्या. "मी कदी पाह्यलीच नाई दंडार. मंडईले घरी पंधरा पाव्हने. मी पाह्याले गेली असती, तं रांधलं असतं कोनं?"

त्या हे तक्रारीने म्हणाल्या नाहीत. इतक्या वर्षांत, एवढ्या गावांत, सावकार न पाहिलेले ते एकच माणूस होते, आणि ते माणूस पाहुण्यांसाठी चुलीपुढे बसलेले होते. शेवंती आईच्या जवळ सरकली आणि तिने तिच्या मांडीवर डोके ठेवले. लहानपणची काही तरी विचारू लागली, हळू आवाजात, मला ऐकू येऊ नये असे. मी उठून अंगणात आलो. बाहेर ऊन उतरत होते. हिरव्या धानावर वारा होता.

थोड्या वेळाने भागरथाबाई दाराशी आल्या. दारचौकटीला हात धरून त्या पारीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. जेवढा वेळ रोज राहत असतील तेवढा वेळ. मग आत गेल्या, आणि मला चुलीत फुंकर घातल्याचा आवाज आला.